झिजल्या नाण्यांचा कैवार

१९३९ साली मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळा या गावी सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तऱ्हाळा तेव्हा अकोला जिल्ह्यात मोडत होते. १९९८ मध्ये वाशीम जिल्हा वेगळा झाला तेव्हा ते त्यात आले. हजाराहून अधिक नाणी होती, पण सोन्याची नव्हती आणि चांदीचीही नव्हती. तांबे, कथील, शिसे यांच्या हलक्या मिश्रधातूची ती नाणी. या धातूला नाणेतज्ज्ञ पोटीन म्हणतात. एका बाजूला सोंड उंचावलेला हत्ती, दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्ह, आणि कडेने ब्राह्मी अक्षरे, तीही अर्धीमुर्धी. सराफाच्या तराजूत या ढिगाला काही किंमत आली नसती.

नागपूरचे वा. वि. मिराशी यांनी हा साठा नाणे नाणे करून तपासला आणि १९४० मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. या नाण्यांची अडचण अशी की एकाच नाण्यावर राजाचे पूर्ण नाव क्वचितच मिळते. कुठे आरंभीची दोन अक्षरे उमटलेली, कुठे मधली, कुठे शेवटची. एका राजाची पुष्कळ नाणी शेजारी शेजारी मांडली, की एकावरचे तुटलेले नाव दुसऱ्यावर पुढे चालू झालेले दिसते. अशा जुळवणीतून कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी ही नावे पुढे आली. पुराणांतल्या राजांच्या याद्यांत ती कुठेच नव्हती.

आता असे समजा की हा साठा एखाद्या हौशी माणसाच्या हाती लागला असता. त्याने त्यातली स्वच्छ, सुबक, हत्ती ठसठशीत उमटलेली वीस-पंचवीस नाणी निवडली असती, मखमलीच्या पेटीत लावली असती आणि बाकीची ‘डबल’ म्हणून वाटून किंवा विकून टाकली असती. पेटी सुंदर दिसली असती आणि तीन राजे कायमचे नाहीसे झाले असते. खरा संग्राहक कोणाला म्हणावे, या प्रश्नाला मी इथून सुरुवात करतो, कारण याचे जे उत्तर सहज दिले जाते ते मला मान्य नाही. ज्याच्याकडे पुष्कळ आहे तो, ज्याच्याकडे दुर्मीळ आहे तो, ज्याने पैसा ओतला तो, अशी ती सहज मिळणारी उत्तरे आहेत. माझ्या मते संग्राहकाचा कस त्याच्या सर्वांत सामान्य वस्तूवर लागतो. झिजलेल्या, दुहेरी, कुरूप नाण्याचे तो काय करतो आणि त्याच्या शेजारी काय लिहून ठेवतो, हे पाहावे.

हा प्रश्न ज्या एका छंदात फार उघड्यावर आला आहे तो आपल्याकडचा नाही. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सिगारेटच्या पाकिटांत बेसबॉल खेळाडूंची चित्रे असलेली छोटी कार्डे घालत. पुढे ती बबलगमबरोबर येऊ लागली. आपल्याकडे १९८० च्या दशकात ‘बिग फन’ बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रे आणि धावा-बळींचे कागद जमवणाऱ्या पिढीला ही ओढ समजावून सांगावी लागणार नाही. पण अमेरिकेत हे वेड मुलांच्या खिशात राहिले नाही. होनस वॅग्नर या खेळाडूचे १९०९ ते १९११ या काळातले एक सिगारेट-कार्ड २०२२ मध्ये साडेबाहत्तर लाख डॉलरना विकले गेले. त्याच वर्षी मिकी मँटलचे १९५२ चे कार्ड एक कोटी सव्वीस लाख डॉलरना गेले.

एवढी किंमत आली की वस्तूची अवस्था हाच धर्म होतो. १९९१ पासून अमेरिकेत कार्डांना एक ते दहा गुण देऊन ती प्लॅस्टिकच्या बंद चौकटीत घालून देणारी कंपनी काम करते आहे. तिने अगदी पहिले गुण दिले ते वॅग्नरच्याच एका कार्डाला, दहापैकी आठ. कडा धारदार, कोपरे कोरे, इतक्या जुन्या कागदाला न शोभणारे. ते हातोहात फिरत राहिले आणि दर वेळी किंमत वाढत गेली. २०१३ मध्ये ते बाजारात आणणाऱ्या लिलावदाराने न्यायालयात कबूल केले, की त्याने त्या कार्डाच्या कडा कापून सारख्या केल्या होत्या. ज्या कोरेपणासाठी लोकांनी लाखो डॉलर मोजले, तो कात्रीने आला होता. मला या प्रकरणातल्या लबाडीपेक्षा दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ती अशी की एवढ्या वर्षांत त्या कार्डाचा खरा इतिहास कोणालाच नको होता. सर्वांना आकडा हवा होता.

याच छंदात जेफर्सन बर्डिक नावाचा माणूस होऊन गेला. जन्म १९०० चा. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूस शहरात विजेची उपकरणे बनवणाऱ्या कारखान्यात तो कामगार होता. संधिवाताने त्याचे सांधे आखडत गेले होते, लग्न केलेले नव्हते, पैसा बेताचा होता. त्याने कार्डे जमवली, पण बेसबॉलचीच नव्हे. जाहिरातींची, शुभेच्छापत्रे, पोस्टकार्डे, पक्ष्यांची, नटींची, काय वाटेल ती. छापलेला जो कागद लोक पाहून फेकून देतात त्याचे त्याला मोल वाटे. १९३९ मध्ये त्याने या कार्डांची पहिली सूची छापली. कोणत्या धंद्याने काढलेले, कोणत्या काळातले, याप्रमाणे पुढे प्रत्येक संचाला एक अक्षर आणि एक क्रमांक मिळाला. लाखोंचे ते वॅग्नरचे कार्ड आज जगभर ‘टी २०६’ या नावाने ओळखले जाते. ते नाव बर्डिकने आपल्या सूचीत दिलेला क्रमांक आहे. विसाव्या शतकातली तंबाखूची कार्डे म्हणून ‘टी’, आणि त्यातला २०६ क्रमांकाचा संच.

१९४७ पासून त्याने आपला सगळा संग्रह, तीन लाखांहून अधिक कागद, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला देऊन टाकायला सुरुवात केली, आणि पुढची वर्षे संग्रहालयात बसून तो स्वतः ते वह्यांत क्रमाने चिकटवत राहिला. १९६३ च्या जानेवारीत काम संपले आणि मार्चमध्ये तो गेला. त्या वह्यांत वॅग्नरही आहे, आपल्या संचातल्या आपल्या जागी, इतरांसारखाच डिंकाने चिकटवलेला. आजचा व्यापारी हे ऐकून हळहळतो, कारण मागे डिंक लागलेल्या कार्डाचे गुण घसरतात. मी मात्र बर्डिकला या छंदातला सर्वांत मोठा माणूस मानतो, आणि त्या डिंकासकट मानतो. आपली वस्तू पुन्हा बाजारात जाणार नाही, हे त्याने ठरवून टाकले होते. तिचे स्थान कोणते, हेही त्याने कायमचे लिहून ठेवले होते. डिंकाने कागदाला इजा होते, हे खरेच आहे, आणि आजच्या जतनशास्त्राला तो चालणार नाही. पण कात्रीने कोरे केलेले कार्ड आणि डिंकाने आपल्या जागी बसवलेले कार्ड यांतले कोणते अधिक खरे, हे मला विचारावे लागत नाही.

वाशीम जिल्ह्याला हे शिकायला सिरॅक्यूसपर्यंत जावे लागत नाही. कारंज्याला या विचाराची परंपरा फार जुनी आहे. कारंजा लाड हे कापसाच्या आणि व्यापाराच्या जोरावर वाढलेले गाव, नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्रभर ठाऊक असलेले. तिथे दिगंबर जैनांच्या सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशा तीन परंपरांची जुनी मंदिरे आहेत आणि त्या आश्रयाने शतकानुशतके हस्तलिखिते साठत आली. हा साठा कसा झाला हे समजून घेण्यासारखे आहे. जैन समाजात शास्त्रदान हे पुण्यकर्म. एखादा श्रावक, पुष्कळदा एखादी श्राविका, पैसे देऊन ग्रंथाची प्रत करवून घेई आणि ती मुनींना किंवा भट्टारकांना अर्पण करी. नक्कल करणारा शेवटच्या पानावर लिहून ठेवी, की अमुक संवतात, अमुक महिन्यात, अमुक गावी, अमुक गच्छाच्या अमुक आचार्यांच्या काळात, अमक्याच्या घरच्या अमक्या व्यक्तीने ही प्रत करवली आणि अमक्याला दिली. या मजकुराला प्रशस्ती म्हणतात.

मला प्रशस्ती ही संग्राहकाची सर्वांत मोठी शिकवण वाटते. ग्रंथ अमर आहे, तो शेकडो ठिकाणी असेल. ही प्रत मात्र एकच आहे आणि ती इथे कशी आली हे तिच्याच अंगावर लिहिलेले आहे. देणाऱ्याचे नाव पुण्यासाठी लिहिले गेले, इतिहासासाठी नव्हे, हे मला मान्य आहे. पण परिणाम एकच झाला. पाचशे वर्षांनी पोथी उघडणाऱ्या परक्या माणसाला उत्तर देण्याची तयारी त्या पानावर करून ठेवलेली होती.

तो परका माणूस आला विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणारे हीरालाल जैन यांनी कारंज्याचे भांडार पाहिले आणि त्यांना अपभ्रंशातली काव्ये मिळाली. १९२६ मध्ये त्यांच्याच नावाच्या दुसऱ्या अभ्यासकाची, रायबहादूर हीरालाल यांची, मध्य प्रांत व वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची मोठी सूची नागपूरहून निघाली. तीत कारंज्याच्या पोथ्यांनी मोठी जागा व्यापली. मग कारंजा जैन ग्रंथमाला सुरू झाली. १९३१ मध्ये प. ल. वैद्य यांनी संपादलेले पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’, त्यानंतर हीरालाल जैन यांनी संपादलेली ‘सावयधम्मदोहा’, ‘णायकुमारचरिउ’, ‘करकंडचरिउ’. पुष्पदंत दहाव्या शतकातला, राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात राहून लिहिणारा. प्राकृत आणि मराठी यांच्यामधली जी पायरी, ती ज्या भाषेत आहे तिचे ग्रंथ अभ्यासकांच्या टेबलावर आले ते मोठ्या प्रमाणात या एका तालुक्याच्या गावातून. मराठीचा उगम शिकवताना आपण कारंज्याचे नाव किती वेळा घेतो?

इथे एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. भांडारे जपली गेली ती बंद राहिली म्हणूनही. कुलुपे, पाळत, परक्याला मज्जाव, या सगळ्याने वाळवी टळली नसेल पण चोर आणि दलाल टळले. म्हणून संग्रह सर्वांना खुला करा, असा सोपा उपदेश मी करणार नाही. पण ज्या दिवशी विश्वस्तांनी एका अभ्यासकाला पोथ्या सोडून दाखवल्या, त्या दिवशी साठ्याचा संग्रह झाला, हे मला निश्चित वाटते. त्याआधी तो देवाच्या मालकीचा ठेवा होता.

वाशीम शहरातही असेच घडले, आणि तेही १९३९ मध्येच. गावातल्या एका शास्त्र्यांच्या घरी ताम्रपट होते. यवतमाळचे य. खु. देशपांडे आणि द. बा. महाजन यांनी ते वाचून त्याच वर्षी कलकत्त्याला भरलेल्या इतिहास परिषदेपुढे मांडले. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षी वत्सगुल्म येथून दिलेले ते दानपत्र होते. वंशावळ संस्कृतात आणि दानाचा मजकूर प्राकृतात. त्यापूर्वी अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातल्या शिलालेखातली राजांची नावे वाकाटकांच्या मुख्य शाखेत कशीबशी बसवली जात. या पत्र्यांनी दाखवले की वाकाटकांची दुसरी शाखा होती आणि तिची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह ज्या नगरीत लावला ती हीच. ते पत्रे कोणी पितळी भांड्यांबरोबर मोडीत घातले असते तर हे सगळे गेले असते. आणि समजा कोणी ते चांगल्या किमतीला विकले असते, तर? पत्रे वाचले असते, मजकूरही वाचला गेला असता, पण ते वाशीमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होते ही गोष्ट सुटली असती, आणि वत्सगुल्म म्हणजे वाशीम या ओळखीला तेवढाच आधार कमी झाला असता.

सामान्य वस्तूंची अशी कदर करणारे आणखी एक उदाहरण आपल्याकडेच आहे. दिनकर केळकरांनी पुण्यात अडकित्ते, दिवे, दौती, वज्र्या, फण्या गोळा केल्या, म्हणजे ज्या वस्तू त्या काळी कोणीही अडगळीत टाकी, आणि १९६२ मध्ये हा संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. त्यांचा चष्म्यांचा धंदा होता. पैशाने किंवा पदाने यात फरक पडत नाही हे दाखवायला बर्डिक आणि केळकर एवढे दोघे पुरेत.

आज विदर्भात नाणी, टपाल तिकिटे, जुनी भांडी, मोडी दप्तरे जमवणारी माणसे पुष्कळ आहेत आणि त्यांचे प्रेम खरे आहे. त्यांच्यापुढची खरी अडचण वेगळी आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांवरच्या वस्तूंना आणि पंचाहत्तर वर्षांवरच्या हस्तलिखितांना लागू आहे. त्यामुळे नाणे विकणारा ते कुठे सापडले हे सांगत नाही, किंवा खोटे सांगतो. साठा फुटतो, चार गावच्या बाजारांत वाटला जातो, आणि घेणाऱ्याच्या हाती येते ते गाव हरवलेले नाणे. कायदा पाळणे हा या प्रश्नाचा पहिला भाग झाला. दुसरा भाग घेणाऱ्याच्या हातात आहे. ज्या वस्तूचे ठिकाण विकणारा सांगायला तयार नाही ती घेऊ नये, कितीही सुबक असली तरी. आणि जी घेतली तिच्याबरोबर त्याच दिवशी लिहावे, की कोणत्या गावाच्या बाजारात, कोणाकडून, त्याने काय सांगितले, सोबत आणखी काय होते, आपला विश्वास किती बसला. विश्वास बसला नसेल तर तेही लिहावे. झिजलेल्यांची नोंद सुबकांइतकीच असावी, आणि एकत्र आलेली दुहेरी नाणी एकत्रच राहावीत.

वारसांचा प्रश्न तर हातपाय चालत असतानाच सोडवावा लागतो. बर्डिकने सोळा वर्षे आधी सुरुवात केली होती. माणूस गेल्यावर घरच्यांना वही आणि नाणी यांतले नाणेच मोलाचे वाटते, वही रद्दीत जाते, आणि यात घरच्यांचा दोष नाही. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ पासून उभे आहे. वस्तू द्यायला मन धजत नसेल तर निदान नोंदवहीची छायाप्रत आणि प्रत्येक वस्तूचे दोन्ही बाजूंचे छायाचित्र अशा एखाद्या संस्थेकडे, नाहीतर जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाकडे आताच ठेवता येते. त्याला खर्च फारसा नाही, आणि वस्तू उद्या कुठेही गेली तरी ती कुठून आली होती हे तिथे सापडेल.