निरोप आणि निरोप्या

जामच्या वायव्येस सेवाग्राम आहे आणि पूर्वेस चिमूर. १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्यास इंग्रजांनी हिंदुस्थान सोडावा असा ठराव केला. १६ ऑगस्टला चिमूरला आणि आपल्याच जिल्ह्यातील आष्टीला रक्त सांडले. त्यानंतर चिमुरात लष्कराने घराघरांत शिरून जे अत्याचार केले, विशेषतः स्त्रियांवर, ते छापण्याची वृत्तपत्रांना मुभा नव्हती. ती हकीकत देशाच्या कानी घातली मुंबईच्या एका गुप्त नभोवाणीने.

काँग्रेस रेडिओ २७ ऑगस्टपासून ४२.३४ मीटरवर बोलू लागला. त्याचा आवाज म्हणजे बावीस वर्षांच्या उषा मेहता. परंतु त्या आवाजाला अवकाशात पोहोचविणारे यंत्र उभारले नरिमन प्रिंटर या रेडिओतंत्रज्ञाने. युद्धामुळे सरकारने खाजगी प्रक्षेपणाचे परवाने रद्द केलेले असताना त्यांनी आपली विद्या या कामी लावली. पुढे पोलिसांनी त्यांना पकडले, आणि ते फुटले. १२ नोव्हेंबरला त्यांच्याच माहितीवरून गिरगावातील केंद्रावर धाड पडली. बाबूभाई खाकरांना पाच वर्षे, उषाबेनना चार वर्षे शिक्षा झाली; प्रिंटर माफीचे साक्षीदार म्हणून सुटले.

आता प्रश्न असा की, ज्याने अखेर विश्वासघात केला त्याने वाहून आणलेल्या सत्याचे मोल काय?

ख्रिस्तसभेला हा प्रश्न नवा नाही. इसवी सन ३०३ मध्ये सुरू झालेल्या छळात काही धर्मगुरूंनी भीतीपोटी पवित्र ग्रंथ अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केले. अशांच्या हातून मिळालेले संस्कार निष्फळ होत, असे उत्तर आफ्रिकेतील दोनातपंथीयांचे म्हणणे होते. संत ऑगस्टीन यांनी ते खोडून काढले. संस्कार ख्रिस्ताचा आहे. देणारा हात मळका असला तरी दान मळत नाही, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. नभोवाणी हा काही संस्कार नव्हे. तरीही चिमूरच्या स्त्रियांचा आक्रोश खरा होता, आणि तो ज्या यंत्रातून गेले त्याच्या कर्त्याच्या पतनाने तो खोटा ठरला नाही.

परंतु या युक्तिवादाचा दुसरा अर्थ लावणे घातक आहे. निरोप खरा होता म्हणून निरोप्याचा अपराध धुऊन निघत नाही. उषाबेनची तुरुंगातील वर्षे कोणत्याही यंत्रकौशल्याने भरून येणारी नव्हती. चांगले काम आणि विश्वासघात यांची एकमेकांतून वजाबाकी करता येत नाही. दोन्ही आपापल्या जागी उभी राहतात.

मग माणसाचा निवाडा कसा करावा? कोठडीत त्याच्या मनात काय उलथापालथ झाली, ते परमेश्वर जाणे. ज्यांच्यावर तशी रात्र कधी आलीच नाही, त्यांनी निदान आपल्या निष्ठेची फुशारकी मारू नये. शेगडीजवळ ऊब घेत बसलेला पेत्रही एका दासीच्या प्रश्नाने ढळला होता. पुढे तोच ख्रिस्तसभेचा आधारस्तंभ झाला, तरी चारही शुभवर्तमानकारांनी त्याचे नाकारणे लपविले नाही. आणि त्या नाकारण्यामुळे त्याची साक्षही त्याज्य मानली नाही. स्वातंत्र्याचा इतिहास लिहितानाही हीच सचोटी हवी. यंत्र उभारणाऱ्याचे नाव गाळू नये, आणि केंद्राचा पत्ता कोणी सांगितला तेही गाळू नये.