पगाराच्या टक्क्यापासून वयाच्या तक्त्यापर्यंत

पिंपरी-चिंचवडमधल्या वाकडच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या गेटवर आजारपणाचे वेगवेगळे हिशेब रोज एकमेकांसमोरून जातात. रखवालदाराच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कापला जातो. हिंजवडीला निघालेल्या इंजिनिअरला कंपनीची ग्रुप पॉलिसी असते. धुणीभांडी करणाऱ्या ताईंची भिस्त रेशन कार्डावर आणि पिंपरीच्या वायसीएम या महापालिकेच्या रुग्णालयावर. मुलाकडे राहायला आलेले पासष्टीचे आजोबा मेडिक्लेम काढायला गेले, की आधी वय विचारतात, मग शुगर.

ही फाटाफूट शोधत मागे गेलं की आपण 1943 सालात पोचतो. त्या वर्षी मार्चमध्ये सरकारने प्रा. बी. पी. आडारकर यांना कारखाना कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखायला सांगितलं, आणि ऑक्टोबरमध्ये देशाच्या आरोग्यव्यवस्थेसाठी सर जोसेफ भोर यांची समिती नेमली. भोर जन्माने नाशिकचे, डेक्कन कॉलेजात शिकलेले. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारावाचून राहू नये, हा त्यांच्या 1946 च्या अहवालाचा गाभा. दर दहा ते वीस हजार वस्तीमागे 75 खाटांचं रुग्णालय हे त्यांचं दूरचं उद्दिष्ट होतं. ब्रिटनची एनएचएस, म्हणजे करातून चालणारी राष्ट्रीय आरोग्य सेवा, त्यानंतर दोन वर्षांनी सुरू झाली. आपल्याकडे अहवाल आधी आला, पैसा मात्र त्या मापाने कधीच आला नाही.

आडारकरांची कल्पना अधिक तग धरून राहिली. 1948 ला कायदा झाला, 1952 ला ईएसआय सुरू झाली. हा विमाच आहे, पण त्याची रीत बघा. आज कामगाराकडून पगाराच्या 0.75 टक्के आणि मालकाकडून 3.25 टक्के घेतात. पंधरा हजार मिळवणाऱ्याचे महिन्याला 112 रुपये 50 पैसे जातात, मग तो विशीतला धडधाकट असो की पन्नाशीतला दमेकरी. हप्ता ऐपतीप्रमाणे, उपचार गरजेप्रमाणे. म्हणून ‘सरकारी सेवा की विमा’ हा वाद मला अपुरा वाटतो. करातून सेवा मागणारे भोर आडारकरांना जवळचे आहेत. आडारकरांपासून खरा लांब आहे तो 1986 चा मेडिक्लेम. तो सरकारी विमा कंपन्यांनीच आणला, 2000 नंतर खासगी कंपन्याही त्यात उतरल्या. इथे हप्ता वयाच्या तक्त्यावरून ठरतो आणि जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ज्याला गरज जास्त त्यालाच महाग, हे मला पटत नाही.

ईएसआयची पगारमर्यादा जानेवारी 2017 मध्ये 21,000 झाली. चाकणच्या कामगाराचा पगार तिच्यापुढे गेला की चालू सहामाहीनंतर वर्गणी थांबते आणि पुढे हक्कही जातो, घरी आईचं डायलिसिस चालू असलं तरी. मग उरते कंपनीची पॉलिसी, तीही असलीच तर, आणि नोकरी असेपर्यंतच.

ताईंच्या रेशन कार्डावरची वाट वेगळी. महाराष्ट्रात 2012 साली राजीव गांधी जीवनदायी योजना आली; तीच आजची महात्मा फुले योजना. पैसा सरकारचा, पद्धत विम्याची, रुग्णालयं बरीचशी खासगी. मे 2020 मध्ये, कोरोनात, राज्याने ती सर्व रहिवाशांना खुली केली आणि खासगी रुग्णालयांतल्या 80 टक्के खाटांचे दरही बांधून दिले. पुढे सगळ्याच रेशन कार्डांना पाच लाखांचं संरक्षण देण्याचा निर्णय झाला. बायपास, कॅन्सर यांसाठी सावकाराच्या दारात जाण्याची वेळ या योजनेने कित्येक घरांवर येऊ दिली नाही. ते श्रेय तिला द्यायलाच हवं.

पण तिचा भर माणूस दाखल झाल्यानंतरच्या खर्चावर आहे. रक्तदाबाची रोजची गोळी, ओपीडी, साखरेची तपासणी यांत ती फारशी येत नाही. महिनाअखेरीस धुणीभांडी करणाऱ्या ताई गोळ्या बंद करतात, कारण मुलाची फी भरायची असते. पुढे अर्धांगवायूचा झटका आला की त्या उपचारांचं बिल मंजूर होऊ शकतं. भोरांना हवा होता तो वस्तीतला डॉक्टर, जो ही गोळी बंद पडू देणार नाही. ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, पण महापालिकांची रुग्णालयं त्या निर्णयात नव्हती. श्रीमंत म्हणून नाव असलेल्या पिंपरी-चिंचवड महापालिकेने आपल्या दवाखान्यांत तपासणी आणि औषधं सगळ्यांना मोफत करावीत, आणि वाकडच्या कस्पटे वस्तीतल्या माणसाला काम आटोपून गाठता यावा म्हणून दवाखाना रात्री नऊपर्यंत उघडा ठेवावा.