मनाला काय सांगावं?

पाचगणीच्या हवेवर एके काळी क्षयरोग्यांचा केवढा भरवसा होता! १९१२ साली डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी तिथे बेल-एअर आरोग्यधाम सुरू केलं, तेव्हा क्षयावर औषधच नव्हतं. मोकळी हवा, विश्रांती, सकस आहार आणि ‘मी बरा होईन’ हा विश्वास, एवढंच वैद्यकाच्या हाती होतं. तो विश्वास जे घरी परतले त्यांच्यापाशी होता, तसा जे परतले नाहीत त्यांच्यापाशीही होता. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन या औषधाचा शोध लागला आणि चित्र पालटू लागलं. पुढे १९५६ पासून मद्रासमध्ये एक तुलना झाली. काही रोग्यांना आरोग्यधामात ठेवलं, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच ठेवलं; औषध दोघांना तेच. वर्षअखेर दोन्हीकडचे निकाल जवळजवळ सारखे निघाले. म्हणजे बरं करत होतं ते औषध. पण मग मन कुठेच आलं नाही का? आलं, आणि फार नाजूक जागी आलं. गोळ्या सुरू झाल्यावर थोड्याच आठवड्यांत खोकला कमी होतो, वजन वाढतं, आणि ‘आता मी ठणठणीत आहे’ असं वाटू लागतं. यापेक्षा सकारात्मक विचार कोणता? पण याच विचाराने किती जण गोळ्या अर्ध्यावर सोडतात, आणि रोग औषधाला दाद न देणारा होऊन उलटतो. ‘बरं वाटतंय, तरी आजची गोळी घ्यायचीच’ असं म्हणणाराही आशावादीच असतो. फरक एवढाच की त्याची आशा त्याच्याकडून काम करून घेते.

सकारात्मक विचाराच्या ताकदीचा आजचा गाजावाजा बराचसा नॉर्मन व्हिन्सेंट पील या अमेरिकी धर्मोपदेशकाच्या १९५२ च्या पुस्तकापासूनचा. त्याचं मूळ प्रार्थनेत आहे, हे आपण विसरतो. मला त्यातली श्रद्धा खटकत नाही. खटकतं ते मनाला सतत गोड चित्र दाखवत राहणं. गॅब्रिएल ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९१ साली वजन उतरवू पाहणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ‘मला हे जमेल’ अशी अपेक्षा बाळगणाऱ्यांचं वजन जास्त उतरलं. सडपातळ झाल्याच्या सुखद कल्पनेत रमणाऱ्यांचं कमी. फळ मनातच चाखून झालं की हात ढिले पडतात.

साताऱ्याच्या सज्जनगडावर ज्यांची समाधी आहे, त्या समर्थ रामदासांनी ‘मनाचे श्लोक’ लिहून मनाशी २०५ श्लोकांचं संभाषण केलं. त्यात मनाला कुरवाळणं फार थोडं आहे. मृत्यूची आठवण आहे, वासनेला आवर आहे आणि मनाने काय करावं याच्या स्पष्ट आज्ञा आहेत. मन हे समजूत घालून निजवायचं लेकरू नसून शिकवून कामाला लावायचं माणूस आहे, अशी ही धारणा. चाफळपासून शिराळ्यापर्यंत मारुती उभे करणाऱ्याची उपासनाही अंग मोडून कष्टणारीच होती.

यावर कुणी म्हणेल, नुसत्या विश्वासानेही वेदना कमी होते, हे वैद्यकच मान्य करतं. खरं आहे. साध्या साखरेच्या गोळीनेही दुखणं हलकं वाटतं, आणि सोसणाऱ्याला तेवढा आराम मोलाचाच असतो. पण वेदना शमणं वेगळं, रोग हटणं वेगळं. २००७ साली डोकं-मानेच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मनाने प्रसन्न असलेले जास्त जगले, असं त्यात दिसलं नाही. हा निष्कर्ष निराश करणारा वाटेल. मला तो दयाळू वाटतो. रोग बळावला म्हणजे रोग्याचे विचारच कमी पडले, हा निर्दय आरोप त्याने खोडून काढला. दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे: आजाऱ्याची आशा काढून घ्यायचा अधिकार कुणाला? कुणालाच नाही. मात्र आपल्या भाषेत आशेच्या जोडीला धीर हा शब्द आहे, आणि धीर माणूस स्वतः धरतो तसा दुसऱ्यालाही देतो. खाटेवरच्या माणसाला ‘चांगला विचार कर’ असं सांगून निघून जाता येतं. ‘उद्या तपासणीला मी बरोबर येतो’ असं म्हणणाऱ्याला मात्र उद्या सकाळी दारात उभं राहावं लागतं.