दगडापेक्षा वीट मऊ?

२०२४ च्या ऑक्टोबर महिन्यातील गोष्ट. अमेरिकेतील अध्यक्षीय निवडणूक तोंडावर आली होती. एके दिवशी सायंप्रार्थना आटोपून बसलो असता पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या माझ्या भाच्याचा फोन आला. तिकडचे नागरिकत्व मिळाल्यानंतर त्याचे हे पहिलेच मतदान. तो म्हणाला, "मामा, दोन्ही पक्षांपैकी एकालाही मत द्यायला मन धजत नाही. याचे हे पटत नाही, त्याचे ते पटत नाही. घरीच बसलो तर पाप लागेल का?" प्रश्न त्याने हसत विचारला, मला मात्र त्याचे उत्तर हसत देता येईना. "उद्या सांगतो," असे म्हणून मी फोन ठेवला.

वाचकहो, हा भाचा एकटा नव्हे. गॅलप या लोकमत चाचणी घेणाऱ्या संस्थेला २०२४ साली सुमारे ४३ टक्के अमेरिकनांनी आपण कोणत्याच पक्षाचे नाही, असे सांगितले. प्यू या दुसऱ्या संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत शंभरातील २८ जणांचे मत डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन या दोन्ही पक्षांविषयी प्रतिकूल होते. २०२४ च्या त्या निवडणुकीत मतदानास पात्र असलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक लोक मत द्यायला गेलेच नाहीत. ते सर्वच चिडून घरी राहिले असे म्हणता येणार नाही. परंतु त्यांत माझ्या भाच्यासारखे पुष्कळ असले पाहिजेत.

मग लोक तिसरा पक्ष का काढत नाहीत, असे आपल्याला वाटेल. पक्ष निघतात, पण टिकत नाहीत. १८५३ पासून आजवर या दोन पक्षांबाहेरचा एकही मनुष्य निवडणूक जिंकून अध्यक्ष झालेला नाही. याचे मोठे कारण तेथील मतदानाच्या रीतीत आहे. अध्यक्षाची निवड ५३८ निर्वाचकांच्या मतांनी होते. पन्नासपैकी अठ्ठेचाळीस राज्यांत ज्याला सर्वांत जास्त मते, त्याच्या पदरात त्या राज्याचे सर्व निर्वाचक पडतात; दुसऱ्या-तिसऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. १९९२ साली रॉस पेरो या अपक्ष उमेदवाराला देशभरातून जवळजवळ १९ टक्के मते पडली आणि निर्वाचक मिळाला नाही एकही! असे झाले की पुढच्या खेपेस मतदार म्हणतो, 'मत वाया का घालवा?' आणि पुन्हा दोहोंतील एकाकडे वळतो.

वाया गेलेले मत कधी कधी उलटतेही. २००० साली फ्लोरिडा राज्यात जॉर्ज बुश अवघ्या ५३७ मतांनी पुढे राहिले आणि त्या राज्याच्या बळावर अध्यक्ष झाले. त्याच राज्यात राल्फ नेडर या तिसऱ्या उमेदवाराला ९७ हजारांवर मते होती. नेडर यांच्या पुष्कळशा मतदारांना बुश यांच्यापेक्षा अल गोर जवळचे होते. त्यांनी मनाप्रमाणे मत दिले आणि मनाविरुद्ध निकाल पाहिला.

मग 'दगडापेक्षा वीट मऊ' म्हणून एकाला मत द्यावे आणि मोकळे व्हावे, हेच शहाणपण काय? येथे १८४४ सालची निवडणूक आठवते. हेन्री क्ले आणि जेम्स पोक हे दोन प्रमुख उमेदवार, आणि दोघेही गुलामांचे मालक. गुलामगिरी हे देवाविरुद्ध पाप आहे असे मानणाऱ्या काही लोकांनी दोघांनाही नाकारले आणि लिबर्टी पक्षाच्या जेम्स बर्नी यांना मत दिले. न्यूयॉर्क राज्यात बर्नी यांना १५ हजारांवर मते पडली. क्ले तेथे सुमारे ५ हजारांनी हरले, आणि त्याबरोबर अध्यक्षपदही हरले. पोक यांना टेक्सास संघराज्यात आणायचे होते; १८४५ साली ते गुलामगिरीचे राज्य म्हणून आत आले, आणि १८४६ साली मेक्सिकोशी युद्ध जुंपले. क्ले यांच्या पक्षातील एका तरुण वकिलाने १८४५ साली एका पत्रात या मतदारांना दोष दिला. त्या वकिलाचे नाव अब्राहाम लिंकन.

पण गोष्ट येथे संपत नाही. बर्नींना मत देणारे ते लोक घरी जाऊन झोपले नाहीत. ते सभा घेत राहिले, पत्रके काढत राहिले. १८४८ साली त्यांतील पुष्कळ जण फ्री सॉइल पक्षात गेले आणि १८५४ मध्ये रिपब्लिकन पक्ष उभा राहिला, तेव्हा त्यात सामील झाले. जुन्या पक्षांत राहून गुलामगिरीशी झगडणारेही तेथेच आले, त्यांत लिंकनही होते. १८६० साली लिंकन निवडून आले. १८६५ साली, फार मोठ्या रक्तपातानंतर, गुलामगिरी कायद्याने संपली. दोष देणारा आणि ज्यांना दोष दिला ते, दोघेही शेवटी एकाच जूखाली जुंपले गेले.

यावरून मला असे वाटते की, नकार दोन प्रकारचा असतो. एक नकार ओझे उचलतो. दुसरा ओझे टाकून देतो. शास्ते या पुस्तकातील योथामाचा दृष्टांत आपण रविवारच्या शाळेत शिकवतो. झाडे राजा शोधू लागली, तेव्हा जैतून, अंजीर आणि द्राक्षवेल यांनी आपापले चांगले काम पुढे करून अंग काढून घेतले, आणि शेवटी राज्य काटेरी झुडपाच्या हाती गेले. अमेरिकेत उमेदवार ठरतात ते प्राथमिक निवडणुकांत, आणि तेथे मुख्य निवडणुकीच्या मानाने फार थोडे लोक फिरकतात. नोव्हेंबरात 'दोन्हीकडे काटेच' म्हणणारे त्यांतील पुष्कळ जण वसंत ऋतूत, झाडे निवडायच्या वेळी, कोठे होते?

भाच्याला मी दुसऱ्या दिवशी जे सांगितले ते असे. "बाळ, मत म्हणजे उमेदवाराला दिलेले शिफारसपत्र नव्हे. दोहोंपैकी कोणाच्या हातून दुबळ्यांचे नुकसान कमी होईल, एवढे प्रामाणिकपणे पाहून मत दिलेस तर त्यात पाप नाही. परंतु एखादी गोष्ट अशी असेल की तिला हातभार लावणे तुझ्या विवेकबुद्धीला मुळीच शक्य नाही, तर नाकार. मात्र मग बर्नींच्या लोकांसारखे वर्षानुवर्षे त्या कामाला लाग. आणि वीट निवडलीस तर ती मऊ आहे असे म्हणून उशाला घेऊ नकोस. मत दिलेल्या पक्षाचे प्रत्येक कृत्य बरोबर ठरवण्याचा मोह होतो, तेथेच पाप दाराशी येऊन बसते."

रीत बदलण्याचे प्रयत्नही तेथे चालू आहेत, हेही मी त्याला सांगितले. मेन राज्यातील मतदारांनी २०१६ मध्ये आणि अलास्कातील मतदारांनी २०२० मध्ये पसंतिक्रमाने मत देण्याची पद्धत स्वीकारली. तीत पहिली पसंती मागे पडली तर मत दुसऱ्या पसंतीकडे जाते. २०२४ मध्ये कोलोरॅडो, ऑरेगन वगैरे राज्यांनी मात्र ती नाकारली. सुधारणेची वाट लांबची आहे.

आपल्याकडे २०१३ पासून मतदान यंत्रावर 'नोटा'चे बटन आहे. ते दाबून निषेध नोंदवता येतो; पण लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीत निकाल बदलत नाही. बटन दाबल्यावर पुढच्या पाच वर्षांत आपण काय करणार, हा प्रश्न उरतोच.

भाच्याने मत दिले. कोणाला, हे मी विचारले नाही. मात्र पुढच्या वेळी प्राथमिक निवडणुकीलाही जाणार आहे, असे तो आपणहून म्हणाला. रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की, योथामाचा धडा घेताना मुलांना एवढे जरूर विचारावे : काटेरी झुडूप राजा झाले, यात जैतुनाचा दोष किती?