तिकडे तरी काय मिळालं असतं?

पुण्याजवळ चाकणच्या आमच्या कारखान्यात कंत्राटी मुलांच्या पगाराचा विषय निघाला, की एक वाक्य हमखास येतं : "तिकडे तरी त्याला काय मिळालं असतं?" तिकडे म्हणजे परभणी, हिंगोली, नांदेड, वाशीम, यवतमाळ. बहुतेक वेळा हे वाक्य माझंच असतं. मी मनुष्यबळ विभागात आहे, आणि मूळचा परभणीचा. त्यामुळे माझ्या तोंडून ते जाणकाराचं मत ठरतं आणि चर्चा तिथेच संपते.

वाक्य खोटं नाही. आयटीआय झालेल्या मुलाला परभणीत कापडाच्या दुकानात किंवा जिनिंगमध्ये जे मिळतं, ते आमच्या कंत्राटी पगाराहून कमीच. जिनिंगचं काम तर कापसाच्या हंगामापुरतं. दांडेकर समितीने मागास भागांच्या विकासाचा अनुशेष मोजला १९८४ मध्ये, केळकर समितीने २०१३ मध्ये पुन्हा तेच दुखणं मांडलं. एमआयडीसी १९६२ पासून आहे. तरी मराठवाड्यातला मोठा उद्योग वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा याच पट्ट्यात एकवटला. उरलेल्या जिल्ह्यांतली मुलं पुण्याच्या गाडीत बसतात.

पण किमान वेतनासाठी राज्याने परिमंडळं पाडली, महापालिकेच्या हद्दीत दर जास्त आणि खेड्यात कमी ठेवले, तेव्हा माणूस काम करतो कुठे हे पाहिलं. मी पाहतो तो आला कुठून. भाडं चाकणचं, मेस चाकणची, आणि पगाराला माप मात्र परभणीचं.

एकाच लाइनवर कायम कामगार आणि कंत्राटी मुलगा तेच मशीन चालवतात. कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या कायद्याखालच्या नियमांनी सारख्या कामाला सारखं वेतन सांगितलं. आम्ही कागदावर 'हेल्पर' लिहितो आणि ऑपरेटरचं काम करून घेतो. सलग नोकरीचा हक्क लागू नये, म्हणून २४० दिवस भरायच्या आत ब्रेक देतो. त्या कागदांवर सही माझी असते.

परभणी मागास राहिली, याचा फायदा चाकणच्या पगारपत्रकाला होतो. गावी गेलो की इथे कारखाने का येत नाहीत, म्हणून मीच तावातावाने बोलतो. तिथे खरोखर बरा पगार मिळू लागला, तर इथे या दरात एकही मुलगा मिळणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. मग मला मनापासून काय हवं आहे? प्रामाणिक उत्तर असं : गाव सुधारावं, पण त्याची किंमत माझ्या विभागाच्या बजेटमधून जाऊ नये.

आम्ही बनवतो त्या सुट्या भागांचे दर ते विकत घेणारी मोठी कंपनी ठरवते आणि दरवर्षी कमी करून मागते, हे मालकाचं म्हणणं मी नाकारत नाही. तरी पोलादाचा आणि विजेचा वाढलेला दर आम्ही भरतोच. घासाघीस उरते ती फक्त माणसाशी, कारण त्याच्या मागे उभा असलेला जिल्हा रिकामा आहे.

पगार ठरवणाऱ्या खुर्च्यांत मराठवाड्यातले, विदर्भातले माझ्यासारखे पुष्कळ जण आज बसले आहेत. त्यांना माझी विनंती आहे : हे वाक्य आपल्या तोंडून येतं तेव्हा त्याला विरोध करायला कोणी उरत नाही, म्हणून ते आधी आपण थांबवूया. आणि जो मशीन चालवतो, त्याच्या कागदावर ऑपरेटर लिहूया.