सांधा

संकलनाकडे वळलेल्या चित्रपटाच्या विद्यार्थ्याला सुरुवातीला शिकवतात ते कापणे. शॉट कुठून कापायचा, नटाने मान वळवायला घेतल्यावर की वळवून झाल्यावर, संवादाच्या शेवटच्या अक्षरावर की त्यानंतरच्या उसाशावर, या प्रश्नांतच त्याचे महिने जातात, आणि मग आपली विद्या ही कात्रीची विद्या आहे अशी त्याची समजूत होऊन बसते. ती समजूत खोटी नाही, पण अपुरी आहे. कारण कापलेले तुकडे नुसते तुकडे असतात तोवर चित्रपट कुठेच नसतो, दोन तुकडे ज्या रेषेवर एकमेकांना भिडतात त्या रेषेवर तो जन्म घेतो, आणि त्या रेषेचे नाव सांधा. मित्रहो, या एका शब्दापाशी आज निवांत बसू. दिसायला तो साधा कारागिरीचा शब्द आहे, पण त्याच्या आत उतरत गेले की पाहणाऱ्याच्या श्रद्धेपर्यंत वाट जाते.

आधी त्याचे स्थूल रूप पाहू, कारण सूक्ष्माकडे जायचे तर पायरी स्थूलाचीच लागते. फिल्म हाताळून संकलन होत असे त्या काळात सांधा बोटांना लागत असे. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात 16 चौकटी बसतात आणि सेकंदाला 24 चौकटी पुढे सरकतात, म्हणजे एक सेकंद म्हणजे दीड फूट. काळ असा हातभर मोजता येत असे. संकलक फिल्मवर मेणाच्या पेन्सिलीने खूण करी, ती पट्टी स्प्लायसरच्या बारीक दात्यांवर बसवी, दोन चौकटींमधल्या बरोबर रेषेवर पाते खाली दाबी, मग दुसऱ्या शॉटची पट्टी तिला टेकवून वरून पारदर्शक टेप ओढी आणि अंगठ्याने ती नीट दाबून घेई, नाहीतर आत हवेचा बुडबुडा राही. उरलेले तुकडे हुकांना टांगलेले असत आणि त्यांची टोके खाली कापडी पिशवीत लोंबत. सांधा चुकला तर टेप सोडवून, गेलेली चौकट शोधून पुन्हा जोडावी लागे, त्यामुळे पाते खाली आणण्यापूर्वी माणूस क्षणभर थांबत असे. आज टाइमलाइनवर एका कळीने सांधा होतो आणि दुसऱ्या कळीने सुटतो. ही सोय मोठीच आहे, तिची कुरकुर करण्यात अर्थ नाही. पण तो क्षणभराचा थांबा आता विद्यार्थ्याला स्वतःहून आणावा लागतो, यंत्र तो त्याच्यासाठी आणत नाही.

सांधा फक्त दोन शॉटमध्ये असतो असेही नाही. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, 1912 साली, 'अंकुराची वाढ' हा छोटा चित्रपट केला. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिन्याहून अधिक काळ रोज एकेक चौकट टिपली. पडद्यावर तो अंकुर मातीतून वर येऊन झरझर वाढताना दिसला, आणि हे पाहून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. आता विचार करा, वाढ कुठल्या चौकटीत होती? कुठल्याही एका चौकटीत रोप उभेच आहे, स्थिर, छायाचित्रातल्यासारखे. ते वाढले ते कालच्या चौकटीच्या आणि आजच्या चौकटीच्या मधल्या दिवसरात्रीत, म्हणजे ज्या वेळी कॅमेऱ्याचे झाकण बंद होते त्या वेळात. फाळक्यांनी वाढीचे चित्र घेतलेच नाही. त्यांनी वाढीच्या दोन्ही बाजू घेतल्या आणि मधला सांधा पाहणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवला. भारतीय चित्रपटाचा पाया घालणाऱ्या माणसाला ही गोष्ट कुंडीतल्या एका दाण्यापाशी गवसली होती, हे मला फार मोलाचे वाटते.

हाच सांधा पुढे प्रत्येक चित्रपटगृहात येऊन बसला. जुन्या प्रोजेक्टरमध्ये फिल्म सलग धावत नसे; एक चौकट प्रकाशासमोर क्षणभर स्थिर राही, मग ती खाली ओढली जाई, आणि ओढली जात असताना फिरती झडप प्रकाश अडवी, नाहीतर पडद्यावर नुसते फरकाटे दिसले असते. म्हणजे दोन तासांचा खेळ पाहून बाहेर पडलेल्या माणसाने त्यातला जवळजवळ अर्धा वेळ अंधाराकडे पाहिलेले असे, आणि त्याला त्याची गंधवार्ताही नसे. त्या अंधाराला त्याने आपल्या मनातून सांधलेले असे. दिसलेल्याइतकेच न दिसलेलेही या कलेच्या घडणीत असते, आणि न दिसलेल्यावर विसंबून पुढे जाण्याला आपल्याकडे श्रद्धा म्हणतात.

इथे वर्गात कुलेशोव्हच्या प्रयोगाची गोष्ट निघतेच, की नटाचा एकच निर्विकार चेहरा सूपच्या वाडग्याशेजारी भुकेला दिसला आणि शवपेटीशेजारी शोकाकुल. ती सर्वांना ठाऊक आहे, म्हणून तिच्यापाशी थांबत नाही. मला त्याहून जवळचे वाटते ते आपल्या कीर्तनातले दृश्य. कीर्तनकार अभंगाचा चरण अर्ध्यावर सोडतो, आवाज आवरता घेतो, आणि उरलेला अर्धा चरण टाळकऱ्यांकडून, समोर बसलेल्या श्रोत्यांकडून उसळून येतो. तो विसरला म्हणून थांबलेला नसतो. समोरच्याला पुढचे ठाऊक आहे आणि तो ते म्हणेल, या भरवशावर त्याने ती जागा मोकळी ठेवलेली असते, आणि ज्या कीर्तनात अशी जागा मोकळी राहत नाही ते कितीही विद्वत्तापूर्ण असले तरी श्रोता त्यात पाहुणाच राहतो. संकलकाचा सांधा हा असा मोकळा ठेवलेला अर्धा चरण आहे.

मात्र भरवसा आधी कमवावा लागतो. दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या प्रभातच्या 1936 सालच्या 'संत तुकाराम'मध्ये तुकोबा विमानातून वैकुंठाला जातात आणि जिजाई जमिनीवर राहते. ते विमान ही युक्ती आहे हे आजच्या मुलालाही कळते, तरी आकाश आणि धरती यांच्यामधला तो सांधा आजही उसवत नाही, कारण तिथवर पोचेपर्यंत विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम आणि गौरीची जिजाई आपल्या घरातली माणसे झालेली असतात. तिची चिडचिड, तिची पोरांच्या पोटाची काळजी, त्याचे सगळे विसरून गाणे, हे इतके खरे असते की त्यांच्या पाठोपाठ आलेले विमानही खरे ठरते. पुण्यातल्या ज्या वास्तूत हा चित्रपट घडला, तिथे 1960 पासून चित्रपटविद्येची संस्था उभी आहे आणि संकलन शिकायला देशभरातून मुले येतात. या योगायोगाला मी योगायोग म्हणतो खरा, पण मनाला तो तसा वाटत नाही.

आणखी एक पदर उलगडू. सांधा नेमका कुठे घ्यायचा? वॉल्टर मर्च हा अमेरिकन संकलक 'द कॉन्व्हर्सेशन' (1974) या चित्रपटावर काम करत असताना त्याच्या ध्यानात आले की जिथे आपण शॉट संपवतो, तिथेच किंवा त्याच्या अगदी जवळ त्यातला नट जीन हॅकमन याची पापणी मिटते. त्याने पुढे त्याचा अर्थ लावला: माणसाची पापणी केवळ डोळा ओला ठेवण्यासाठी मिटत नाही, एक विचार पुरा होऊन दुसरा सुरू होताना ती मिटते, आणि नट जर खरोखर विचार करत असेल तर त्याची पापणी संकलकाला जागा दाखवते. सांध्याच्या कसोट्या मांडताना त्याने भावनेला निम्म्याहून अधिक, 51 टक्के, वजन दिले. जागेचे आणि दिशेचे भान, ज्याची वर्गात सर्वांत जास्त घोकंपट्टी होते, ते त्याने तळाला ठेवले. नव्या विद्यार्थ्याने हे फार लक्षपूर्वक ऐकावे. हातातला पेला एका शॉटमध्ये अर्धा भरलेला आणि दुसऱ्यात पाऊण भरलेला दिसला म्हणून तो रात्ररात्र अस्वस्थ होतो. पण दोन माणसांमधला विचार तिथे तुटला का, हे त्याने पाहिलेले नसते.

कधी सांधा चित्राचा चित्राशी नसून चित्राचा ध्वनीशी असतो, आणि माझ्या मते त्यातला सर्वांत खोल सांधा 'पथेर पांचाली'त (1955) आहे. हरिहर बऱ्याच दिवसांनी घरी येतो, मुलगी दुर्गा आता नाही हे त्याला ठाऊक नाही, आणलेल्या वस्तू तो एकेक काढून दाखवतो, आणि दुर्गेसाठी आणलेली साडी पत्नी सर्वजयेच्या हाती येते. इतका वेळ आवरून धरलेली ती माउली फुटते. तिचे तोंड उघडलेले दिसते, पण तिचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाईचा उंच, चिरत जाणारा सूर येतो. नटीचे खरे रडणे वापरले असते तर ते एका बाईचे रडणे झाले असते. सत्यजित राय यांनी मुखातून तिचा आवाज काढून घेतला आणि तिथे सूर सांधला, तेव्हा त्या रिकाम्या तोंडात ज्याने त्याने आपापल्या घरातला आक्रोश ऐकला.

आता जिथे सांध्यावरचा भरवसा उडालेला असतो, तिकडेही पाहायला हवे. दूरदर्शन संचावरच्या मालिकेत एक वाक्य उच्चारले जाते आणि मग तोच धक्का बसलेला चेहरा तीन बाजूंनी, ढगांच्या गडगडाटासह, तीनदा दाखवला जातो. नंतर सासूचा, मग जावेचा, मग दारात उभ्या असलेल्या शेजारणीचा. रोजचा भाग रोज पुरा करण्याच्या धावपळीत तिथला संकलक किती शिणलेला असतो याची मला कल्पना आहे, म्हणून दोष त्याचा मानत नाही. पण तिथे सांधे असंख्य आणि मोकळी जागा एकही नाही, प्रेक्षकाला काही कळणार नाही अशी धास्ती प्रत्येक जोडणीत आहे. मोबाइलवरच्या छोट्या चित्रफितींत ही धास्ती दुसऱ्या टोकाला गेली आहे. तिथे बोलणाऱ्याचे श्वास कापतात. आता तर दोन वाक्यांमधली शांतता शोधून आपोआप काढून टाकणारी सोय संगणकातच असते. वाक्याला वाक्य इतके खेटून बसते की ऐकणाऱ्याला होकार द्यायलाही फट उरत नाही. श्वास काढल्यावर बोलणे वेगवान होते हे खरे, पण श्वासात माणूस पुढचे वाक्य ठरवत असतो, आणि तो ठरवताना दिसला तरच आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो.

याउलट चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (2014) पाहा. त्यातला कॅमेरा बहुतेक वेळ दूर, स्थिर उभा असतो आणि काम आटोपल्यावरही लगेच हलत नाही. शेवटाकडे न्यायालयाला सुट्टी लागते, दालन रिकामे होते, दिवे मालवले जातात, आणि पडदा काळा होतो. इतका वेळ काळा राहतो की चित्रपट संपला असे वाटून माणूस चपला शोधू लागतो. मग त्या अंधारातून सहल उगवते: तेच न्यायाधीश, नातलगांसह, सुट्टीच्या मौजेत. ज्या शाहिराच्या डोक्यावर खटला लटकतो आहे त्याचे काय, हे त्या दृश्यात कोणी विचारत नाही. विचारायचे काम त्या काळ्या पडद्याच्या सांध्यात आपल्याकडे आलेले असते, आणि सहलीतले हसणे आपल्याला ऐकवत नाही, कारण आपण अजून त्या कुलूपबंद दालनातच आहोत.

सांधा चौकटीच्या आतही असू शकतो, पाते न लावता. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (2013) पकडलेले डुक्कर काठीला बांधून खांद्यावरून नेले जाते, आणि ते नेणारे शाळेच्या भिंतीवर रंगवलेल्या बाबासाहेबांच्या, सावित्रीबाईंच्या चित्रांसमोरून चालत जातात. एकच शॉट. भिंत आणि खांदे एकाच वेळी दिसतात, आणि त्या दोहोंमधले अंतर ज्याचे त्याने चालायचे असते.

त्याच चित्रपटाच्या अखेरीस त्यातला शाळकरी मुलगा जब्या छळणाऱ्यांकडे दगड भिरकावतो, आणि तो दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. पडदा काळा होतो. सांध्याला दोन बाजू असतात असे आपण इतका वेळ धरून चाललो. इथे पहिली बाजू आहे, दुसरी दिग्दर्शकाने चित्रितच केलेली नाही. ती खुर्चीत बसलेली आहे.