माझा शब्द मला परत दे

पांडुरंगा, दुखणं बरं कर असं मागायला मी आलेले नाही. त्याला आता नाव आहे, गोळी आहे. मायस्थेनिया ग्रेव्हिस. नसेचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोचत नाही. काम करावं तशी ताकद सरते, विसाव्याने परत येते. मागायचं आहे ते निराळं. माझ्याच सांगण्यावरचा माझा विश्वास गेला आहे, तो मला परत दे.

तू साक्षी होतास. सकाळी दवाखान्यात जावं तर पापण्या उघड्या, आवाज खणखणीत. संध्याकाळी गावातल्या यादवबाबांच्या देवळात भजनाला बसले की अर्ध्या अभंगात आवाज नाकात जायचा. भाकरीचा घास चावता चावता जबडा थकायचा. एका समईच्या दोन दिसायच्या. रिपोर्ट मात्र नॉर्मल. "टेन्शन घेता तुम्ही. मनाचं आहे." वर झोपेच्या गोळ्या, ज्यांनी हा आजार वाढूही शकतो. घरात डॉक्टरांच्या त्या शब्दांचंच "काम निघालं की हिला होतं" झालं. सासूबाईंनी अंगारा लावला. वाईट कुणीच नव्हतं देवा, म्हणून तर भांडताही आलं नाही. शेवटी मलाच वाटू लागलं, आपण सोंग करत असू. हातातून खुरपं गळलं की मी आधी बघायचे, कुणी पाहिलं तर नाही ना.

मग एका डॉक्टरीणबाईंनी नुसतं वर बघत राहायला सांगितलं. पापण्या हळूहळू उतरत गेल्या आणि त्या बाई न बोलता बघत राहिल्या. त्यांचं भलं कर. १९३४ साली इंग्लंडात मेरी वॉकर नावाच्या डॉक्टरने एका बाईची अशीच मिटलेली पापणी औषधाची सुई देऊन उघडली होती. माझी गोळी त्याच जातीच्या औषधांतली. त्या माउलीलाही माझा नमस्कार पोचव.

नाव सापडलं तेव्हा घरचे रडले. मला रडू आलं नाही. अजून फाईल उशाशी लागते. डॉक्टरांपुढे जायच्या आधी मी वाक्यं घोकते. जास्त सांगितलं तर नाटकी, कमी सांगितलं तर काही झालेलंच नाही. बरं वाटलेल्या दिवशी मोकळं हसायलाही भिते. हे कुठल्या गोळीने जायचं?

आमच्या राळेगणसिद्धी गावाने डोळ्यांना न दिसणाऱ्या पाण्यावर भरवसा ठेवला. विहिरी भरण्याआधी माणसांनी चर खणले, नालाबांध घातले. तेवढाच भरवसा माणसाच्या सांगण्यावर ठेवायची बुद्धी आम्हा सगळ्यांना दे.

आणि ज्यांचं दुखणं खरोखर मनाचं आहे, त्यांनाही कुणी खोटं ठरवू नये. मला "मनाचं" म्हटलं याचं दुःख नाही. तो शब्द उच्चारून पुढचं ऐकणंच थांबवलं, ते सलतं.

संत निळोबारायांची पालखी पिंपळनेरहून तुझ्याकडे निघेल, तेव्हा जमेल तेवढं चालेन. पाय थकले तर तसं सांगून बसेन, कारण शोधणार नाही. एवढं मला शिकव.

आणखी एक. हल्ली डाव्या कुशीत दुखतं. नवीनच आहे. मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, पुन्हा तेच ऐकावं लागेल म्हणून. सोमवारी पारनेरला तपासणीला जायचं आहे. तिथे मला ते बोलू दे, आणि बोलताना माफी मागू देऊ नकोस.